यादीतील एक ओळ

मराठी घरात लग्न ठरले की आधी याद्या होतात. 'याद्या झाल्या' एवढे दोन शब्द कानी पडले, की दोन्ही घरांचे बोलणे पक्के झाले हे साऱ्या आप्तेष्टांना कळते. त्याखेरीज महिन्याच्या वाणसामानाची यादी असते, हळदीकुंकवाला बोलवावयाच्या बायकांची असते, दिवाळीचा फराळ कोणाकडे पोचवावयाचा त्याची असते. अशी यादी लिहिण्याची एक रीतही ठरून गेली होती. कागदाच्या माथ्यावर मध्यभागी श्रीकार, डावीकडे जिन्नस, उजवीकडे परिमाण, दोन ओळींमध्ये थोडी मोकळी जागा, आणि ऐनवेळी आठवणाऱ्या गोष्टींसाठी तळाशी कोरा कागद. ही रीत कोणी शाळेत शिकविली नाही. वडीलधाऱ्यांचे पाहून ती हाती आली. वाण्याच्या दुकानातील नोकराला ती यादी एका दृष्टिक्षेपात वाचता येई, हीच तिची कसोटी होती.

आता बहुतेक याद्या हातातील फोनमध्ये गेल्या आहेत. नीट पाहिले तर फोनवर आपण दिवसभर जे वाचतो त्यातील फार मोठा भाग याद्यांचाच असतो. ओळखीच्या माणसांचे क्रमांक, आलेले निरोप, बँकेतील जमाखर्च, आगगाड्यांच्या वेळा, भजनांचा संग्रह, औषधांच्या वेळा, या सर्वांची मांडणी एकाखाली एक ओळी अशीच असते. या ओळीचे रूप, म्हणजे तिची उंची, तिच्यातील अक्षरांचा आकार, डावीकडचे चित्र आणि उजवीकडचा आकडा, कोणीतरी ठरविलेले असते आणि ते बदलताही येते. या महिन्याच्या स्तंभाचा विषय ती एक ओळ आहे.

हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा बेळगाव, कोठेही पाहा; आपली मंडळे, वाचनालये आणि गणेशोत्सव समित्या आता सभासदांच्या याद्या फोनवर आणू लागल्या आहेत. रक्तदात्यांची यादी, वधूवरांची यादी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या नातलगांची यादी यांसारखी उपयुक्त कामे घरचीच मुलेमुली सुट्टीत बसून तयार करून देतात. त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. पण तयार झालेली यादी आजीला वाचता येत नसेल, किंवा नाव निम्मेच दिसत असेल, तर काय मागावे हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी ही ओळ तयार कशी होते ते प्रथम पाहू.

फोनच्या यादीत एक हजार नावे असली तरी फोन एक हजार ओळी तयार करीत नाही. पडद्यावर एका वेळी आठ-दहा ओळी मावतात. तेवढ्या ओळी आणि वरखाली दोन-चार अधिक, इतक्याच तो घडवितो. आपण बोटाने यादी वर सरकविली की माथ्यावरून दिसेनाशी झालेली ओळ काढून घेतली जाते, तिच्यातील जुने नाव पुसून नवे भरले जाते, आणि तीच ओळ खालून पुन्हा वर येते. विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. रहाटाला गाडगी मोजकीच असतात, पण वर येऊन रिती झालेली गाडगी पुन्हा खाली जाऊन भरून येतात, आणि पाण्याची धार अखंड वाटते. अँड्रॉइड फोनसाठी २०१४ साली जी रचना उपलब्ध झाली तिचे नावच 'रिसायकलरव्ह्यू' आहे. त्यापूर्वीच्या 'लिस्टव्ह्यू'तही ओळी पुन्हा वापरता येत, परंतु ते पथ्य पाळणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या इच्छेवर होते. नव्या रचनेत ते जणू सक्तीचे झाले. आयफोनमधील याद्याही याच तत्त्वावर चालतात.

या रचनेत कामाची वाटणी पंगतीसारखी असते. एक असतो साचा. ओळीत कोठे चित्र, कोठे नाव, कोठे वेळ, हे त्यात आखलेले असते. रिकामे ताट म्हणा हवे तर. दुसरा असतो वाढपी, त्याला 'अडॅप्टर' म्हणतात. कोणत्या क्रमांकाच्या ताटात कोणता पदार्थ पडावा हे तो पाहतो. तिसरा ताटांची मांडणी करतो. एकाखाली एक की शेजारी शेजारी, हे त्याचे काम. ओळीचे रूप बदलावयाचे म्हणजे बहुधा साच्याला हात लावावयाचा. वाढपी आणि पदार्थ तेच राहतात. म्हणूनच, रूप बदलणे फार अवघड आहे असे कोणी सांगितले तर मंडळींनी नम्रपणे पुन्हा विचारावे. पुष्कळदा ते एका संध्याकाळचे काम असते.

रहाटाच्या या युक्तीत एक धोका मात्र आहे. गाडगे पुरते रिते न होता खाली गेले तर जुने पाणी नव्यात मिसळते. औषधांच्या यादीचेच उदाहरण घ्या. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली म्हणून त्या ओळीवर बरोबरची खूण केली. यादी वर सरकविली, ती ओळ पुसून रात्रीच्या औषधासाठी खाली आली, पण खूण पुसावयाची राहिली. आता न घेतलेल्या औषधापुढे 'घेतले' अशी खूण दिसते. घरातील वृद्ध माणूस त्या खुणेवर विसंबले तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. नवशिक्या प्रोग्रॅमरांकडून होणारी ही अगदी नेहमीची चूक होय. 'खूण असेल तर दाखव' एवढेच लिहून भागत नाही. 'नसेल तर पुसून टाक' हे दुसरे वाक्यही लिहावे लागते. तपासणीही सोपी आहे. वरच्या दोन ओळींवर खुणा कराव्यात, यादी तळापर्यंत सरकवावी, पुन्हा वर आणावी, आणि भलत्या ओळीवर खूण उमटली आहे का ते पाहावे. ही परीक्षा घरातील कोणालाही घेता येईल.

आता ओळीच्या रूपाकडे वळू. सर्वसाधारण ओळीत चार जागा असतात. आरंभी चित्र किंवा नावाचे आद्याक्षर असलेले वर्तुळ, मध्ये ठळक नाव, त्याखाली फिक्या अक्षरांत दुसरी माहिती, आणि अखेरीस वेळ, आकडा किंवा बटण. हीच रूढ मांडणी 'फ्लटर' नावाच्या साधनात 'लिस्टटाइल' या तयार साच्याच्या रूपाने मिळते. त्यामुळे विद्यार्थी बहुधा तोच साचा उचलतात, आणि त्यात वावगे काही नाही. अडचण एवढीच, की असे साचे प्रथम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखले गेले.

मापांचा हिशेब थोडक्यात सांगतो. पडद्यावरील ठिपक्यांची दाटी फोनागणिक निराळी असते, म्हणून अँड्रॉइडमध्ये 'डीपी' नावाचे काल्पनिक माप धरतात. व्हॉट्सॲपवरील छायाचित्राला आपण जो डीपी म्हणतो त्याच्याशी याचा संबंध नाही. १६० डीपी म्हणजे एक इंच. बोटाने दाबावयाची कोणतीही जागा निदान ४८ डीपी उंच व तितकीच रुंद असावी असा गूगलचा संकेत आहे; म्हणजे सुमारे साडेसात मिलिमीटर. ॲपलने आपल्या मापात ४४ हा आकडा सांगितला आहे. ज्या यादीत शेजारच्याच माणसाला चुकून फोन लागतो, तिच्यात बहुधा हे माप पाळलेले नसते. अक्षरांसाठी मात्र 'एसपी' हे निराळे माप वापरतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये वाचणाऱ्याने अक्षरे मोठी केली की या मापातील अक्षरेही मोठी होतात. २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४ पासून अक्षरे दुपटीपर्यंत वाढविता येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे अशा माणसाला ही सोय मोठा आधार वाटते.

अक्षर वाढले, पण ओळीची उंची साच्यात ठाम बांधून ठेवली असेल तर मजकूर कापला जातो. रोमन लिपीत वरचे किंवा खालचे टोक थोडे कापले गेले तरी शब्द ओळखू येतो. देवनागरीचे तसे नाही. आपली निम्मी बाराखडी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी राहते. वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि रफार वर. उकार, ऋकार आणि कित्येक जोडाक्षरांचे पाय खाली. खालची कड कापली गेली की 'कुसुम'ची 'कसम' होते, 'सुमन'ची 'समन' होते. वरची कड कापली गेली की 'मंदा'ची 'मदा' आणि 'नंदा'ची 'नदा' होते. 'विठ्ठल', 'श्रीकृष्ण' किंवा 'मृण्मयी' या नावांना तर वरखाली दोन्हीकडे ऐसपैस जागा लागते.

यावर उपाय असा, की ओळीला कमीत कमी उंची द्यावी, कमाल देऊ नये. आतील मजकूर जितकी मागेल तितकी ओळ वाढू द्यावी. आयफोनमध्ये २०१४ साली आलेल्या आयओएस ८ पासून ओळीला स्वतःची उंची मजकुरावरून ठरविता येऊ लागली. अँड्रॉइडमध्ये आणखी एक बारकावा आहे. यादीसाठी निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली की फोन ती अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून आणतो, परंतु ओळीची उंची पूर्वी मूळ रोमन फॉन्टप्रमाणेच राहत असे. २०१८ सालच्या अँड्रॉइड ९ मध्ये या उसन्या फॉन्टच्या उंचीप्रमाणे ओळ वाढविण्याची सोय झाली. तमिळ, तेलुगू, ब्रह्मी आणि तिबेटी या भाषांच्या ओळींची उंची २०२२ सालच्या अँड्रॉइड १३ मध्ये आणखी सुधारली गेली. हैदराबादच्या आपल्या वाचकांना हे विशेष ठाऊक असावे, कारण अक्षराखाली अक्षर लावण्याची तेलुगू लिपीची पद्धत ओळीकडून देवनागरीइतकीच, किंबहुना अधिक, जागा मागते. बेळगावकडील घरांत कानडीचा अनुभवही याहून निराळा नाही.

रोमन लिपीचे आणखी तीन अलंकार देवनागरीला शोभत नाहीत. पहिला म्हणजे अक्षरांमधील अंतर वाढविणे. इंग्रजी मथळ्यात ते डौलदार दिसते. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. मोडी लिहिणारे कारकून तर आधी कागदभर रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे टांगीत जात. इतका त्या रेघेचा मान होता. दुसरा अलंकार तिरक्या अक्षरांचा. आपल्या डोळ्यांना त्याचा सराव नाही, आणि लहान आकारात वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकते. तिसरा म्हणजे सगळी अक्षरे मोठ्या लिपीत करण्याचा. देवनागरीत लहान-मोठी लिपी असा भेदच नसल्याने तेथे तो निरर्थक ठरतो. नाव उठून दिसावे असे वाटत असेल तर आकार थोडा वाढवावा किंवा वजन थोडे ठळक करावे. फार ठळक केल्यास 'ध' आणि 'घ' यांच्या पोटातील पोकळ्या बुजतात.

आद्याक्षराच्या वर्तुळाची गंमत काही वाचकांनी पाहिली असेल. छायाचित्र नसले की फोन नावाचे पहिले अक्षर वर्तुळात लिहितो. पण युनिकोडमध्ये 'क्ष' हे एक अक्षर नाही. ते क, हलन्त आणि ष या तीन चिन्हांचे मिळून बनते, 'ज्ञ'चेही तसेच. कच्च्या प्रोग्रॅममध्ये पहिले चिन्ह तेवढे उचलले जाते, आणि मग क्षितिजाच्या वर्तुळात 'क' व ज्ञानदाच्या वर्तुळात 'ज' येतो. चिन्हांऐवजी पूर्ण अक्षरे मोजण्याची साधने दोन्ही प्रकारच्या फोनांत आहेत. ती वापरावीत एवढेच. दुसरी गोष्ट तर आपल्याच हातची आहे. सभासदांच्या यादीत सर्व नावांपूर्वी 'श्री.' किंवा 'सौ.' लिहिले की वर्तुळांच्या रांगेत 'श' आणि 'स' यांशिवाय तिसरे अक्षर दिसत नाही, आणि अकारविल्हे क्रमही कोलमडतो. मान द्यावा, पण तो निराळ्या रकान्यात लिहावा. दाखविताना तो नावापुढे जोडता येतो.

आडनावाचा प्रश्न याहून गंभीर आहे. आपली नावे तिपेडी असतात; आपले, वडिलांचे किंवा पतीचे, आणि शेवटी आडनाव. ओळीत जागा कमी पडली की फोन शेवट कापतो व तीन टिंबे देतो. 'वसंत महादेव कुल…' असे दिसले की ते कुलकर्णी की कुलथे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. मंडळात वसंत चार असतील तर चौघांत गोंधळ होतो. गुजरातेतील मराठी घरांना ही अडचण दुहेरी, कारण शेजारच्या गुजराती नावांची रचनाही हीच असते. याला दोन उपाय आहेत. नाव दोन ओळींत वाहू द्यावे, किंवा ठळक ओळीत स्वतःचे नाव व आडनाव ठेवून मधले नाव खालच्या फिक्या ओळीत न्यावे. मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर देणे हा तिसरा मार्गही रूढ आहे. यांपैकी कोणता पत्करावा हे मंडळाने ठरवावे. फोनवर सोपवू नये.

रक्तदात्यांच्या यादीत हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. रक्तगट सहसा ओळीच्या अखेरीस लिहितात. नाव लांब असले आणि साच्यात रक्तगटासाठी जागा राखून ठेवलेली नसली, तर नाव त्याला पडद्याबाहेर ढकलते किंवा त्याचे शेपूट कापते. 'ओ' एवढेच उरते, आणि पुढचे अधिक की उणे ते दिसत नाही. रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी चार चुकीचे फोन करावे लागतात. रक्तपेढी रक्त पुन्हा तपासूनच देते हे खरे, पण गेलेला वेळ परत येत नाही. म्हणून साच्यात नियम असा घालावा, की जागा कमी पडल्यास नावाने माघार घ्यावी, रक्तगटाने घेऊ नये. उणे चिन्हाची बारीक रेघ लहान अक्षरांत हरवते, म्हणून 'ओ निगेटिव्ह' असे अक्षरी लिहिणे बरे. कित्येक ठिकाणी पॉझिटिव्हसाठी हिरवा आणि निगेटिव्हसाठी लाल रंग वापरतात. लाल व हिरवा यांतील भेद न दिसणारी माणसे आपल्या घरांतही असतात. रंग असावा, पण रंगावाचूनही अर्थ कळावा.

रंगाविषयी आणखी एक. खालची दुसरी ओळ फिक्या राखाडी रंगात लिहिण्याची हौस अलीकडे फार दिसते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत २००८ सालापासून आहे. मोठ्या अक्षरांसाठी ते ३ ला १ चालते. हे प्रमाण मोजून देणारी साधने फुकट मिळतात. साधन हाताशी नसेल तर फोन घेऊन दुपारी अंगणात उभे राहावे. उन्हात जी ओळ दिसत नाही, ती आजोबांना खोलीतही दिसत नसते.

आता थोडे मराठीपणाविषयी. आपल्याकडे 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात ती मराठी वळणे सांगितली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात; मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रॅममध्ये नोंदविले असेल तरच मराठी वळण दिसते, एरवी हिंदी. ही नोंद 'एमआर' या दोन अक्षरांची असते. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत हिंदी वळणाचे वावडे नाही, आणि असण्याचे कारणही नाही. पण मराठी मासिकाच्या किंवा मराठी वाचनालयाच्या यादीत आपली अक्षरे आपल्या वळणाची दिसावीत ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ते अंतर राखणारे अर्धे 'ऱ' फॉन्टमध्ये नीट उमटते की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, तेव्हा त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसणे साहजिक आहे. क्रमाचेही असेच. युनिकोडच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो, तर आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. केवळ कोष्टकाप्रमाणे लावलेल्या यादीत काळे हे काशीकरांच्या आधी जाऊन बसतात.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत एका यादीला अनेक लिप्यांची सोय करावी लागते. बडोद्यात आजी मराठी वाचते, सून मराठी व गुजराती, नातू गुजराती व इंग्रजी. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, म्हणून एकाच आकारात लिहिलेली दोन नावे शेजारी ठेवली तर देवनागरी दाट आणि गुजराती विरळ दिसते. आकार थोडा कमीजास्त करून ती जुळवावी लागतात. तंजावरच्या बाजूस मराठी बोलणारी, पण तमिळ लिपी अधिक सहज वाचणारी घरे आहेत. हैदराबादेत उर्दू नाव उजवीकडून डावीकडे चालते, आणि तशा यादीत चित्रही उजवीकडे गेले पाहिजे. २०१२ सालच्या अँड्रॉइड ४.२ पासून साच्यात 'डावे-उजवे' न लिहिता 'आरंभ-अखेर' असे लिहिता येते. मग ओळ भाषेप्रमाणे आपोआप उलटते. अशा घरांसाठी दोन मजली ओळ उत्तम. वर वाचणाऱ्याच्या पसंतीच्या लिपीत नाव, आणि खाली दुसऱ्या लिपीत तेच. नातवंडांच्या सोयीसाठी मराठी नाव पुसून टाकण्याची गरज राहत नाही, आणि रोज खालची ओळ डोळ्यांखालून गेली तर चार अक्षरे ओळखीची होतात. पाठ्यपुस्तकापेक्षा घरच्या माणसांची नावे वाचावयास मूल अधिक उत्सुक असते.

ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी फोन ओळ वाचून दाखवितो. अँड्रॉइडमध्ये त्या सोयीला 'टॉकबॅक' म्हणतात, आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर'. फोनचे चित्र काढलेल्या बटणाला लेखी नाव दिलेले नसेल तर ही सोय फक्त 'बटण' एवढेच म्हणते. 'फोन करा' एवढे दोन शब्द साच्यात लिहून ठेवण्यास अर्धे मिनिट लागते.

प्रोग्रॅम लिहिणे ज्यांच्या वाटेला जाणार नाही, त्यांनाही घरबसल्या बरेच करता येईल. फोनच्या सेटिंग्जमध्ये अक्षरांचा आकार आणि पडद्यावरील वस्तूंचा आकार ही दोन निरनिराळी कलमे असतात, दोन्ही पाहावीत. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून फोनला एकाहून अधिक भाषा पसंतीच्या क्रमाने सांगता येतात, आणि अँड्रॉइड १३ पासून एखाद्या ॲपपुरती निराळी भाषा निवडता येते. सारा फोन इंग्रजीत ठेवून त्यातील एखादे ॲप मराठीत वापरणे त्यामुळे शक्य झाले आहे. मात्र त्या ॲपमध्ये मराठी असावयास हवी. आईवडिलांच्या फोनमधील महत्त्वाच्या आठ-दहा नावांना छायाचित्रे लावावीत आणि ती नावे आवडत्यांत घालावीत. डॉक्टरांचे नाव 'डॉ.'खाली हरवू नये म्हणून आडनावापासून लिहावे. मुलाचे नाव पाळण्यातले असले तरी चालेल. ते आईला शोधता आले म्हणजे झाले.

मंडळाची नवी यादी स्वीकारण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी तिची एक साधी परीक्षा घ्यावी. सभेत सर्वांत वयोवृद्ध सभासदाला पुढे बोलवावे, त्यांच्याच फोनमध्ये अक्षरे सर्वांत मोठी करावीत, आणि स्वतःचे नाव, रक्तगट व घरचा क्रमांक शोधून मोठ्याने वाचावयास सांगावे. त्यानंतर सर्वांत लांब आडनावाच्या सभासदाला तेच करू द्यावे. जेथे त्यांना अडखळावयास होईल तेथे यादी करणाऱ्या मुलाने वहीत टिपून घ्यावे. त्याने दमून-भागून केलेल्या कामात खोड काढली असे त्याला वाटू न देण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांची. आणि टिपलेली प्रत्येक गोष्ट दुरुस्त झाल्यावाचून यादी सभासदांच्या हाती न देण्याची जबाबदारी त्याची.